सरकीच्या कच्च्या तेलाचे बायोडिझेल करताना साबण का होतो?

प्रश्नकर्ता, चोपडा:
शेतातील डिझेल पंपासाठी इंधन करून पाहावे म्हणून मी ऑइल मिलमधून आणलेल्या सरकीच्या कच्च्या तेलावर प्रयोग करीत आहे. एक लिटर तेलाला २०० मिली मिथेनॉल आणि ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा घेऊन ५५ अंशांवर तासभर ढवळतो. रिफाइंड तेलात ग्लिसरीन तळाशी नीट बसते. कच्च्या तेलात मात्र धुताना सगळे ताकासारखे पांढरे होते आणि दोन दिवस निथळत नाही. सोडा वाढवावा की मिथेनॉल?

उत्तर, धुळे:
आधी तेलाची आम्लता मोजावी; कच्च्या तेलातील मुक्त मेदाम्ले (तेलातून सुटी झालेली आम्ले) सोड्याशी मिळून साबण करतात. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलात विरघळवून त्यात फिनॉल्फथॅलीनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब टाकावेत आणि लिटरला १ ग्रॅम सोड्याचे द्रावण गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंबाथेंबाने घालावे. जितके मिली लागतील तितके ग्रॅम सोडा दर लिटरला ३.५ ग्रॅमवर अधिक घ्यावा लागतो. तेलात पाणी असेल तर तेही साबणच करते, म्हणून तेल आधी ११० अंशांपर्यंत तापवून, पूर्ण थंड झाल्यावरच मिथेनॉल घालावे. मिथेनॉल ६५ अंशांच्या आतच उकळते आणि त्याची वाफ विषारी असते.

उत्तर, जळगाव:
वरील उत्तरात एक भर घालतो. त्या मोजणीत लागलेल्या मिलींचा आकडा ३ च्या पुढे गेला, तर सोडा वाढवून साबणच वाढेल. सरकीच्या तेलासाठी मला तेल शुद्ध करणाऱ्यांचीच रीत बरी वाटते: सोड्याच्या पाण्याने मुक्त मेदाम्लांचा साबण करून तो आधीच काढून टाकावा, त्याबरोबर गॉसिपॉलही (सरकीतील विषारी रंगद्रव्य) बराच जातो. थोडे तेल वाया जाते, ते सोसावे. त्यानंतर तेल पुन्हा कोरडे करावे.

मिथेनॉल २५० मिलीपर्यंत न्यावे. तेल व मिथेनॉलपासून बायोडिझेल व ग्लिसरीन होण्याची ही अभिक्रिया उलटही फिरते, त्यामुळे नुसते अधिक वेळ ढवळून ती पुढे सरकत नाही. सोडा विरघळवलेल्या मिथेनॉलपैकी ८० टक्के आधी घालून, तळाचे ग्लिसरीन काढून, मग उरलेले २० टक्के घातले की शिल्लक तेलही बदलते. शेवटी ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलात हलवावे. तळाशी तेल बसले तर रूपांतर अपुरे आहे.

प्रश्नकर्ता, चोपडा:
आपणा दोघांचे मनापासून आभार. आकडा ४.६ आला. साबण काढून, तेल कोरडे करून, दोन टप्प्यांत केलेल्या घाणाची चाचणी स्वच्छ आली आणि धुण्याचे पाणी तासाभरात वेगळे झाले. तेलाची घट मात्र मोजायची राहिली; ती पुढच्या वेळी वजन करून कळवतो.