जुन्या 32-बिट विंडोज 7 मधली ‘गायब’ रॅम: कर्नल पॅच करावा का?

टंकमित्र (धागालेखक)

डीटीपीची दुकानं, पतसंस्था, कोर्टाबाहेरची टायपिंग सेंटर्स, अशा ठिकाणी 32-बिट विंडोज 7 अजून रोजच्या कामात आहे. जुनी मराठी फॉन्ट पॅकेजेस, पॅरलल पोर्टला लावायचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही), डॉसवरच्या फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममधला हिशेब, हे सगळं त्यावर चालतं म्हणून. मालक 4 जीबी रॅम टाकतो आणि सिस्टिमच्या खिडकीत दिसतं ‘4.00 जीबी (3.24 जीबी वापरण्यायोग्य)’. मग कुणीतरी नेटवरून पॅच (विंडोजच्या फाइलमध्ये फेरफार करणारा छोटा प्रोग्रॅम) उतरवून ‘फुल 4 जीबी’ करून देतो.

कामाच्या मशिनवर हा पॅच अजिबात करू नये, असं माझं ठाम मत आहे.

32 बिटांत 4 जीबी इतकेच पत्ते मावतात. त्यातच ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) यांनाही पत्ते लागतात. त्यांनी अडवलेल्या पत्त्यांमागची रॅम वापरता येत नाही. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबवर ती करड्या पट्टीत ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ म्हणून दिसते. पॅच कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, फाइलची नक्कल करून त्यातली 4 जीबीची तपासणी काढून टाकतो. फाइल बदलली की तिची डिजिटल सही जुळत नाही, म्हणून सही तपासण्याची व्यवस्थाही मोडावी लागते.

खरा धोका ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड-प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आहे. 4 जीबीच्या वरचा पत्ता आला की जुना ड्रायव्हर त्याचे वरचे बिट कापतो आणि डेटा भलत्याच जागी लिहितो. निळी स्क्रीन आली तर निदान कळतं तरी. ती आलीच नाही आणि खतावणीची फाइल आतून बिघडली तर काय?

जास्त मेमरी हवी असेल तर 64-बिट टाका.

बिटवाला

असहमत. ही मर्यादा प्रोसेसरची नाही, परवान्याची आहे. 1995 च्या पेंटियम प्रोपासून इंटेलमध्ये पीएई, म्हणजे पत्ते वाढवायची सोय, आहे: 36 बिटांचे पत्ते, म्हणजे 64 जीबी. विंडोज सर्व्हर 2003 ची एंटरप्राइझ आवृत्ती 32-बिट असूनही 64 जीबीपर्यंत वापरायची. विंडोज 7 वर डेप (डेटाच्या जागेतून कोड चालू न देणारी सुरक्षा) चालू असेल तर पीएई आधीच चालू असतं. म्हणजे कर्नलला वरची रॅम हाताळता येते, पण तो परवान्यातला आकडा वाचून थांबतो. विंडोजच्या आतल्या रचनेचे अभ्यासक जेफ चॅपेल यांनी 2009 मध्ये व्हिस्टाचा कर्नल उलगडून हे दाखवलं होतं. विंडोज 7 स्टार्टरला तर 2 जीबीचीच मर्यादा होती, ती काय पत्ते कमी पडले म्हणून? विकत घेतलेली रॅम वापरण्याचा हक्क ग्राहकाचा आहे.

टंकमित्र

परवान्याचा मुद्दा मान्य. पण तो आकडा तिथे का आला तेही बघा. मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी 2008 मध्ये लिहिलंय की 4 जीबीपेक्षा जास्त रॅमच्या मशिनवर चाचण्या घेतल्या तेव्हा मशिन्स कोसळत होती, हँग होत होती. कारण घरगुती ऑडिओ-व्हिडिओ कार्डांचे ड्रायव्हर. सर्व्हरला ड्रायव्हर मोजके आणि तपासलेले असतात. गल्लीतल्या दुकानात वीस रुपयांच्या सीडीवरचे असतात. हक्क आहे म्हणून दुसऱ्याच्या हिशेबावर प्रयोग करायचा का?

छापखाना_कोल्हापूर

तुमचं दोघांचं वाचलं. पॅच नको, सहमत. पण ‘64-बिट टाका’ हे इतकं सहज म्हणू नका हो. 32-बिटवरून 64-बिटवर अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. माझ्या जुन्या डोंगलला आणि स्कॅनरला 64-बिट ड्रायव्हर मिळत नाही, आणि 32-बिट ड्रायव्हर तिथे लोडच होत नाही. दुसरं, विंडोज 7 ची किमान गरजच 32-बिटला 1 जीबी आणि 64-बिटला 2 जीबी. 4 जीबीच्या मशिनवर पाऊण जीबी मिळवायला गेलात तर ती तिकडेच खपणार.

आणि बोर्ड कुठला तेही पाहा. इंटेलच्या 945 चिपसेटला (बोर्डावरच्या मुख्य चिपांना) 4 जीबीच्या वर पत्ताच देता येत नाही. तिथे 64-बिट टाकूनही आकडा जवळपास तोच दिसतो, पॅचनेही तोच. गिऱ्हाईकाचे पैसे मात्र जातात.

मी बायोसमध्ये जाऊन ऑनबोर्ड ग्राफिक्सला दिलेली रॅम कमी केली. 256 एमबी होती, 64 केली. तेवढी लगेच परत मिळाली. लग्नपत्रिकेच्या कामाला 64 पुरते. शिवाय एसएसडी बसवली, त्याने जो फरक पडला तो पाऊण जीबीने पडला नसता.

नवशिक्या

एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग खिडकीत बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्झिमम मेमरी’ टिक करून 4096 टाकायचं, असं एका व्हिडिओत पाहिलं. चालेल का दादा?

बिटवाला

नाही. तो पर्याय रॅम कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे, टिक काढूनच ठेवा. ‘इन्क्रीज युजर व्हीए’ची कमांडही लोक सुचवतात. तिने एकेका प्रोग्रॅमला 2 ऐवजी 3 जीबी आभासी जागा मिळते, तीही त्या प्रोग्रॅमची तयारी असेल तर. रॅम एक बाइटही वाढत नाही.

टंकमित्र, बायोसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ (अडलेली रॅम 4 जीबीच्या वरच्या पत्त्यांवर हलवायची सोय) असेल तर पॅचशिवायही एक वाट आहे. काही रॅमडिस्क (रॅमचीच डिस्क करणारे) प्रोग्रॅम विंडोजने न घेतलेली वरची रॅम स्वतःच्या ड्रायव्हरने वापरतात. टेम्प फाइल्स तिथे ठेवा. कर्नलला हातही लावावा लागत नाही.

टंकमित्र

टेम्पपुरतं चालेल, मूळ डेटा तिथे नको. लाइट गेली की सगळं गेलं.

छापखानावाले काका, 945 चा मुद्दा बरोबर, तिथे 64-बिट सुचवणं मी मागे घेतो. 8 जीबी मावणाऱ्या बोर्डावर मात्र माझं म्हणणं कायम. 64-बिटवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, पण फॉक्सप्रोसाठी व्हीडॉस बघा, ते 64-बिटवर डॉसचे प्रोग्रॅम चालवतं. त्यातून विंडोजच्या प्रिंटरवर छपाईही होते. शिवाय 14 जानेवारी 2020 पासून विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट बंद आहेत. पतसंस्थेचं मशिन नेटला जोडून ठेवायचं असेल तर पाऊण जीबीपेक्षा ती काळजी मोठी आहे.

छापखाना_कोल्हापूर

आमचं मशिन नेटला नाही, फाइल्स पेन ड्राइव्हने येतात. व्हीडॉस हिशेबाच्या मशिनवर टाकून बघेन. पण डोंगलचं काय? त्यावर चालणाऱ्या पॅकेजमध्ये वीस वर्षांच्या पत्रिका आणि दिवाळी अंक जुन्या फॉन्टमध्ये अडकले आहेत. ते युनिकोडमध्ये येईपर्यंत मी 3.24 वरच काम करणार.