मदत हवी आहे: झारखंडच्या कुटुंबांच्या बाळांचे स्नानसंस्कार कागदांवरून अडलेत

पूर्वपट्टी
आमचं धर्मग्राम (चर्चची पॅरिश) वसई पूर्वेला, कारखान्यांच्या पट्ट्यात. झारखंडच्या कुटुंबांचे स्नानसंस्काराचे, म्हणजे बाळांच्या बाप्तिस्म्याचे, सात अर्ज पडून आहेत. ऑफिस म्हणतं, आईवडिलांच्या लग्नाचा दाखला आणा, गावच्या फादरांची चिठ्ठी आणा. पोरं चालायला लागली तरी चिठ्ठी येत नाही. ही माणसं मिस्सेला (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला) मागे उभी राहतात आणि संपली की निघून जातात. पालकीय मंडळात, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळात, त्यांच्यातलं कुणीच नाही. रविवारी मंडळाची बैठक आहे. नेमकं काय मांडू? लवकर सांगा.

गिरीजकर
सरळ हिंदी मिस्सा सुरू करा. दर रविवारी, ठरलेल्या वेळी. आपल्या भाषेत प्रार्थना मिळाली की माणसं आपोआप पुढे येतात. बाकीचं मागाहून.

नोंदवही
गिरीजकर, प्रश्न अर्जांचा आहे. पूर्वपट्टी, आधी हे सांगा: कुटुंबं किती महिने इथे आहेत? आईवडील दोघे कॅथलिक आहेत का? लग्न चर्चमध्ये लागलंय का? अर्ज फादरांनी थांबवलेत की ऑफिसमधल्या माणसाने? यावर सगळं अवलंबून आहे.

पूर्वपट्टी
सगळी वर्षाहून जास्त. पाच जोडपी कॅथलिक आहेत. त्या पाचांतल्या एकाचं चर्चमध्ये लग्न नाही, नुसते एकत्र राहतात. एका घरात नवरा जीईएल चर्चचा आहे. सातव्याचं माहीत नाही. फादरांपर्यंत अर्ज गेलेच नाहीत.

नोंदवही
मग फादरांना उद्याच भेटा, बैठकीची वाट बघू नका.

कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम १०२: तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलेला किंवा तीन महिने राहिलेला माणूस त्या धर्मग्रामाचा होतो. कलम १०७ प्रमाणे तुमचे फादर हेच त्यांचे धर्मगुरू. गावच्या फादरांची परवानगी लागत नाही. चिठ्ठी आली तर उत्तम, पण तिच्यासाठी बाळ थांबवायचं नाही.

बाळासाठी कलम ८६८ दोनच गोष्टी मागतं: आईवडिलांपैकी निदान एकाची संमती, आणि बाळ कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा. लग्नाचा दाखला त्यात नाही. लग्न न झालेल्या जोडप्याच्या बाळाचाही स्नानसंस्कार होतो. झारखंडात जेवणावळीचा खर्च परवडत नाही म्हणून ढुकू, म्हणजे लग्नाविना एकत्र, राहणारी जोडपी पुष्कळ आहेत. त्यांच्या लग्नाची तयारी वेगळी सुरू करा, बाळाशी तिची सांगड घालू नका.

जीईएल म्हणजे छोटानागपुरातलं लुथेरन चर्च. त्या नवऱ्याचा बाप्तिस्मा ग्राह्य असतो. पुढे तो कॅथलिक व्हायचं म्हणाला तरी पुन्हा बाप्तिस्मा देऊ नका. दुसऱ्या कुणाच्या बाळासाठी त्याला उभं करायचं असेल तर साक्षीदार म्हणून, आणि सोबत एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता हवी. कलम ८७४.

धर्मशिक्षिका
धर्ममातापित्यांवर गाडी अडेल, आधीच बघून ठेवा. वय १६ पूर्ण, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) झालेलं हवं, आणि बाळाचे आईवडील चालत नाहीत. एकच असला तरी पुरतो. गावचा काका रेल्वेने येईपर्यंत थांबायचं कारण नाही, वस्तीतलाच कुणी घ्या. फक्त आपल्याच समाजातली माणसं जबरदस्तीने उभी करू नका. ते नातं आयुष्यभराचं असतं.

अर्जाचा कागद हिंदीत करा. त्यात गाव, पल्ली (तिकडे धर्मग्रामाला म्हणतात), धर्मप्रांत आणि वडिलांचं नाव विचारा. तिकडे एकेका पल्लीत कितीतरी गावं असतात, नुसतं 'सिमडेगा' किंवा 'गुमला' असं जिल्ह्याचं नाव लिहून जुनी नोंद सापडत नाही. आधारवरचं नाव आणि बाप्तिस्म्याचं नाव बहुधा वेगळं असतं, दोन्ही लिहून घ्या. आधारची प्रत सक्तीची करू नका.

कल्याणचा मल्याळी
एक महत्त्वाचं. सिरो-मलबार (केरळच्या वेगळ्या कॅथलिक परंपरेची) कुटुंबं असतील तर त्यांचा कल्याणला १९८८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो २०२५ पासून महाधर्मप्रांत आहे. दोघे आईवडील सिरो-मलबार असतील तर संस्कार लॅटिन, म्हणजे आपल्या नेहमीच्या, चर्चमध्ये झाला तरी बाळ सिरो-मलबारच राहतं. नोंदवहीत तसं लिहावं लागतं.

पूर्वपट्टी
आमच्या अर्जांत मल्याळी कुणी नाही. मागे उभं राहण्याचं काय?

गिरीजकर
म्हणूनच म्हणतो, हिंदी मिस्सा.

धर्मशिक्षिका
गिरीजकर, वेगळी मिस्सा ठेवली की मराठी माणसं नऊला, झारखंडी अकराला, आणि दोघांची कधी भेटच नाही. मुलं इथल्याच शाळेत जातात, मराठी समजतात. त्यापेक्षा नेहमीच्या मिस्सेतच दुसरं वाचन हिंदीत घ्या. वाचनांचं तीन वर्षांचं चक्र दोन्ही भाषांत एकच आहे, त्यामुळे हिंदी पुस्तकातून तोच उतारा मिळतो. वाचक आठवडाआधी ठरवा, शनिवारी मायकवर एकदा वाचून घ्या. अर्पणविधीला त्यांचं सादरी बोलीतलं गीत मांदराच्या (ढोलाच्या) तालावर होऊ द्या. गायन मंडळ नाही म्हणेल, तर फादरांकडून सांगवा.

गिरीजकर
मुलांना मराठी येतं, आईला येत नाही. पापनिवेदन कोणत्या भाषेत करायचं तिने? महिन्यातून एकदा तरी पूर्ण हिंदी मिस्सा हवी, आणि आधी अर्धा तास पापनिवेदनाला हिंदी बोलणारे फादर. हे मी सोडणार नाही.

धर्मशिक्षिका
पापनिवेदनाचं पटलं. महिन्यातून एक मिस्साही चालेल, पण ती मुख्य वेळेला, सगळ्या धर्मग्रामाची. दुपारच्या कोपऱ्यात नको.

आखातातला वसईकर
वेळेचं कुणीच विचारलं नाही. दुबईत २०२२ च्या आधी सुट्टी शुक्रवारी असायची, म्हणून चर्चमध्ये गर्दी शुक्रवारी. तुमच्याकडच्या कारखान्यांना सुट्टी कधी?

पूर्वपट्टी
बऱ्याच ठिकाणी शुक्रवारी. पाळी आठ ते आठ.

नोंदवही
ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती! मग ते सकाळच्या मिस्सेला मागे उभे असतात ते रात्रपाळीतून थेट आलेले असतात. झोपायला जाणारच.

मात्र शुक्रवारची मिस्सा रविवारची धरली जात नाही. कलम १२४८ प्रमाणे रविवारी किंवा शनिवारी संध्याकाळी. रविवारी रात्री साडेआठला एक मिस्सा ठेवा, दिवसपाळीवाले येतील. रात्रपाळीवाल्यांसाठी सकाळी नऊची. ज्याला कशालाच जमत नाही त्याला फादर कलम १२४५ प्रमाणे सूट देऊ शकतात, पण ते त्या माणसाला सांगायला हवं. नाहीतर तो पाप समजून यायचंच बंद करतो. स्नानसंस्काराचा तयारीवर्ग मात्र शुक्रवारी घ्या.

सांडोरकाका
दफनाचं आजच ठरवून ठेवा. कामगार गेला तर मृतदेह रांचीला विमानाने न्यायला मृत्यूचा दाखला, पोलिसांचं ना-हरकत पत्र, एम्बामिंगचा दाखला आणि बंद पेटी लागते. इथेच पुरायचं तर दफनभूमी समितीचा ठराव आधी हवा. 'धर्मग्रामाचे नाहीत' म्हणून त्या दिवशी वाद नको.

पूर्वपट्टी
काका, ते विचारलं नव्हतं, पण ठरावात घालते. ऑफिस आणखी एक म्हणतं: वार्षिक वर्गणी थकलेली आहे, ती भरल्याशिवाय अर्ज घेणार नाही.

नोंदवही
कलम ८४८: गरिबीमुळे कुणी संस्काराला मुकता कामा नये. फादरांना हे कलम दाखवा, क्लार्कशी वाद घालू नका. संस्कार झाले की दाखल्याच्या दोन प्रती द्या, नोंदीचा क्रमांक आणि पान लिहून, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून द्या. कुटुंब गावी परतलं की पहिल्या कम्युनियनच्या वेळी तोच दाखला मागतात.

धर्मशिक्षिका
आणि ताई, मंडळावर एकच माणूस घेऊ नका, तो गप्प बसतो. दोघं घ्या, त्यात एक बाई. रविवारची बैठक किती वाजता आहे? सकाळी असेल तर त्यांच्यातलं कुणी येऊच शकणार नाही.

पूर्वपट्टी
सकाळी दहाला. रात्री नऊची करून घेते. सातव्या घरी आज जाते, आईवडिलांचं विचारून इथे लिहिते.