गाडी सुरू होत नव्हती, शेवटी काय निघालं?

गाडी सुरू झाली नाही की आजूबाजूचे 'बॅटरी गेली' म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा ती गेलेली असतेही. पण नवी बॅटरी बसवूनही गाडी ढिम्म, असे किस्से काही कमी नाहीत. म्हणून हा धागा. आपापला अनुभव लिहा, फक्त थेट शेवट सांगू नका. चावी फिरवल्यावर आवाज कसा आला, दिव्यांचं काय झालं, आधी काय तपासलं, तेही येऊ द्या. आणि सेल्फ (इंजिन सुरू करायला फिरवणारी मोटर) फिरतच नव्हता की सेल्फ फिरूनही इंजिन पकडत नव्हतं, एवढं नक्की लिहा. निम्मं निदान तिथेच होतं.

सुरुवात माझ्यापासून. चावी फिरवली की डॅशबोर्ड लख्ख. सेल्फ मारला की एकच 'टक्', आणि सगळे दिवे मलूल. मल्टिमीटर लावला तर बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. कुणाला तरी सेल्फ मारायला बसवून मीटर बघत राहिलो, तरी आकडा 12 च्या खाली येईना. बॅटरीत दम नसता तर तो साडेनऊच्याही खाली कोसळला असता. आकडा हलत नाही आणि दिवे मात्र मंदावतात, म्हणजे करंट बॅटरीतून बाहेर पडतानाच अडतोय. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावर बसलेल्या क्लॅम्पवर टेकवली. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. सेल्फ मारताच त्या केसभर जागेत कित्येक व्होल्ट! क्लॅम्प बाहेरून चकचकीत होता, काढला तर आतून राखाडी थर. खायच्या सोड्याचं गरम पाणी आणि तारेचा ब्रश, एवढ्यावर काम झालं. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. उलटं केलंत आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला, की ठिणग्या उडाल्याच म्हणून समजा.

रेंचमास्तर: माझ्याकडे 'टक्' नाही, 'कटकटकटकट'. ती मात्र खरोखर बॅटरीच. जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायच्या केबल) लावताना शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं. बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी नको. गाडी सुरू झाली म्हणून गप्प बसू नका. चालू इंजिनवर मीटर साधारण 14 व्होल्टच्या आसपास हवा. माझ्याकडे 12.2 होता, म्हणजे अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी भरणारं जनित्र) चार्जच करत नव्हता. नवी बॅटरीही अशीच उतरली असती.

सावकाश: सेल्फ दणकून फिरतोय, इंजिन पकडत नाही. गाडी पेट्रोलची. चावी 'ऑन' केली की मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक घुंऽऽ असा आवाज येतो, तो फ्युएल पंपाचा. तो आवाजच गायब. फ्यूज शाबूत होता. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) पंपाच्या रिलेच्याच नंबरचा सापडला, म्हणून दोघांची अदलाबदल केली. पंप बोलला, गाडी सुरू झाली आणि हॉर्न मुका झाला. याहून पक्का पुरावा कुठला? तरी रिले बदलण्याआधी नंबर आणि पिनांची मांडणी दोन्ही जुळवून बघा.

मधुरा: ऑटोमॅटिक गाडी. बटण दाबलं, काहीच नाही. गिअर 'पी' (पार्क) मधून 'एन' (न्यूट्रल) मध्ये घेतला, लगेच सुरू! गिअर लिव्हरची जागा ओळखणारा स्विच बिघडला होता.

काकडा: बटणस्टार्टवाल्यांनो, 'की नॉट डिटेक्टेड' आलं तर आधी किल्लीतला सेल बदला. तोवर किल्लीच बटणाला टेकवून बटण दाबा, बऱ्याच गाड्यांत चालतं.

डिझेलबाबा: टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी चालवणारा मी नव्हे, चिरंजीव. डिझेल भरलं तरी इंजिन पकडेना, कारण लाइनमध्ये हवा शिरलेली. फिल्टरजवळच्या हातपंपाचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबला, मग सेल्फ. थोडी खोकली, पांढरा धूर सोडला आणि लागली. हा फुगा सगळ्याच गाड्यांत नसतो. आणि कृपा करून सेल्फ एका दमात दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. सेल्फची मोटर तापून जळते, मग एकाचे दोन खर्च.

ऐरणीवरचा: आवाज ओळखण्यावरून आठवलं. सेल्फ एरवीपेक्षा भरभर, एकसुरी फिरत होता. इंजिनाला दाब मिळाला की जो अडखळता ठेका येतो, तो नव्हताच. तिथेच हात आखडला. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवणारा पट्टा) तुटलेला निघाला. बऱ्याच इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. असा आवाज आला तर धक्का मारायलाही कुणाला बोलावू नका, टोइंगच करा.

शमा: आमची गाडी रोज चालवली तर ठीक, दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी सपाट. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही पास. गाडी लॉक केली, आतली इलेक्ट्रॉनिक्स झोपी जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबले आणि निगेटिव्ह केबलच्या मध्ये मीटर जोडून करंट मोजला (तेव्हा सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटर जळेल). 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं, इथे अर्धा अँपिअर जात होता. एकेक फ्यूज काढत गेले. डिकीच्या दिव्याचा फ्यूज काढताच आकडा धाडकन खाली. तरी घरात कुणी मानेना. मग फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून फोन डिकीत ठेवला आणि डिकी बंद केली. आत दिवा चालूच! डिकी बंद झाल्यावर दिवा विझवणारा स्विच बिघडलाय, नवा मिळेपर्यंत बल्ब काढून ठेवलाय.