प्रक्षेपणाचं वेळापत्रक: आखीव चक्र की मागणीनुसार?

तरंग
एकाच चॅनलवरून हजारो फोनना तोच डेटा द्यायचा तर चक्र, म्हणजे काय कोणत्या क्रमाने पुन्हा पुन्हा पाठवायचं ते, आधीच आखावं, या मतावर मी ठाम आहे. मात्र आयटमची (डेटातल्या प्रत्येक घटकाची) वारंवारता मागणीच्या नव्हे, मागणीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवा. सारख्या आकाराचे दोन आयटम घ्या: 'अ'ला ९० टक्के मागणी, 'ब'ला १०. आलटूनपालटून पाठवले तर सरासरी प्रतीक्षा १ स्लॉट (एक आयटम पाठवायला लागणारा वेळ). 'अ' नऊदा, 'ब' एकदा केलं तर १.०४, म्हणजे उलट वाढली! कारण 'ब'वाले सरासरी ५ स्लॉट ताटकळतात. ३:१ (९:१ चं वर्गमूळ) ठेवा, ०.८७५ वर येते.

अपलिंक
गणित मान्य. पण ते ९० आणि १० आणणार कुठून? आखीव चक्रात फोन काही मागतच नाहीत, मग सर्व्हरला पसंती कशी कळणार? कल बदलला की अख्खं चक्र चुकतं. त्यापेक्षा फोनना मागू द्या आणि पुढे काय पाठवायचं ते आरएक्सडब्ल्यू सूत्राने ठरवा; ज्या आयटमचा गुणाकार मोठा, तो आधी: थांबलेल्या मागण्यांची संख्या गुणिले सर्वांत जुन्या मागणीची प्रतीक्षा. ४० मागण्या, जुनी २ सेकंदांची: ८०. ३ मागण्या, जुनी ३० सेकंदांची: ९०, म्हणून ती आधी. नुसती गर्दी पाहिली असती तर हे तिघे लटकलेच असते.

तरंग
आणि बॅटरी? ठरलेल्या चक्रात सूची (कोणता डेटा कधी येणार ते सांगणारी) पेरता येते. फोन एक पॅकेट वाचतो, पुढची सूची कधी येणार ते त्यात कळतं, तोवर झोपतो. सूची वाचून पुन्हा झोपतो, थेट आपल्या डेटाला उठतो. डेटा १०,००० पॅकेट, सूची १०० पॅकेट असेल तर सूची चक्रात १० वेळा घाला (१०,००० भागिले १००, त्याचं वर्गमूळ). चक्र ११,००० चं होतं, पण रेडिओ बहुतेक वेळ बंद. तुमच्या पद्धतीत पुढे काय येणार हेच ठरलेलं नसतं, त्यामुळे फोनला सतत कान देऊन बसावं लागतं.

मध्यममार्ग
आकार वेगळे असतील तर दोघांचीही सूत्रं अपुरी. मागणीला आकाराने भागून मग वर्गमूळ घ्या; आरएक्सडब्ल्यूलाही आकाराने भागा, नाहीतर एक मोठी फाइल चॅनल अडवून बसते. शिवाय चक्रात एक पॅकेट हुकलं की पुढची फेरी येईपर्यंत थांबा! फाउंटन कोडिंग हवंच, म्हणजे कोणतीही पुरेशी पॅकेट मिळाली की मूळ डेटा जुळतो. माझ्या मते गरम (जास्त मागणीचे) आयटम चक्रात, बाकीचे मागणीवर.

अपलिंक
चालेल, पण आयटम चक्रात गेला की त्याच्या मागण्या थांबतात आणि तो थंड झाला तरी कळत नाही. अधूनमधून त्याला चक्रातून काढून मागण्या येतात का ते बघावं लागेल.

तरंग
खरंच गरम असेल तर त्या क्षणी फोनकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या वाटेवर मागण्यांची झुंबड उडेल. काढू नका. 'शंभरातल्या एकाच फोनने कळवा' अशी संभाव्यता प्रक्षेपणातूनच पाठवा आणि आलेल्या उत्तरांना १०० ने गुणा.