अनुभव: सेन्स बफर नीट न वाचल्याने काय काय झाले?

सुरूचे_बन (गुहागर)
काल पावसात वीज गेली आणि आल्यावर जुन्या डिस्कमधील फोटो उघडेनात, तेव्हा पुण्यातली पहिली नोकरी आठवली. स्कझी (संगणक आणि डिस्क यांच्यातील संवादाची एक पद्धत) ड्रायव्हरच्या, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, चाचणीसाठी आम्ही खराब सेक्टर असलेली डिस्क मुद्दाम जोडली होती, तरी नोंदवहीत ‘अज्ञात चूक’ एवढेच येई. शेवटी सेन्स बफरचे, म्हणजे डिस्कने कळवलेला चुकीचा तपशील ज्या जागेत येतो तिचे, १८ बाइट वहीत उतरवले, तर पहिल्या बाइटमध्ये हेक्समधील (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीतील) ७० ऐवजी एफ० होते. त्या बाइटचा सर्वांत वरचा बिट पुढील माहिती वैध असल्याचे सांगतो, प्रतिसादाचा प्रकार उरलेल्या सात बिटांत असतो, आणि मी मात्र अख्खा बाइट ७० शी ताडत होतो. बिचारी डिस्क खराब सेक्टरचा पत्ता सांगत होती, आणि तो सांगितला म्हणूनच माझा कोड तिचे म्हणणे फेकून देत होता. आपले असे अनुभव अवश्य लिहा.

माडाची_सावली (वेंगुर्ले)
दादा, आमची चूक उलट होती. लिनक्समध्ये बफर ९६ बाइटांचा, डिस्क देई १८, आणि आम्ही सगळे ९६ वाचत असू. त्यामुळे मागच्या आज्ञेचे उरलेसुरले बाइट पाहून चांगल्या डिस्का बाद ठरवल्या. शून्यापासून मोजल्यास सातव्या बाइटमध्ये ‘पुढे अजून १०’ असे स्पष्ट लिहिलेले होते. तेव्हापासून प्रत्येक आज्ञेपूर्वी बफर शून्य केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

देवगडकर
भात शिजतोय, म्हणून थोडक्यात लिहितो. विंडोजमध्ये पोर्ट ड्रायव्हरने (खालचा, जोडणीच्या हार्डवेअरशी बोलणारा) स्वतः सेन्स बफरसाठी मेमरी घेतली, तर ती मोकळी करण्याचे काम क्लास ड्रायव्हरचे (त्याच्या वरचा, डिस्कचा ड्रायव्हर) असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. धडधाकट डिस्कवर मेमरी गळतच नसे, त्यामुळे कारण सापडायला फार वेळ गेला.

माडाची_सावली (वेंगुर्ले)
ही गळती आम्हीही भोगली आहे, भाऊ. भात करपू देऊ नका.

सुरूचे_बन (गुहागर)
ताई, प्रतिसादाच्या प्रकारात ७० ऐवजी ७१ आल्यावर तुम्ही काय करत होता? ती चूक चालू आज्ञेची नसते, आधी ‘झाले’ म्हणून कळवलेल्या लेखनाची असते. आमचा ड्रायव्हर चालू वाचन पुन्हा करून समाधानी राहिला, आणि ज्या लेखनाचा डेटा बुडाला होता त्याची खबर वरच्या फाइल प्रणालीला कोणीच दिली नाही.