मदत हवी आहे : उद्याच्या सामन्याचं तिकीट, खात्रीचा मार्ग सांगा

डावखुरी | १८ सप्टेंबर २०२५, दुपार
आत्ताच बातमी वाचली, हात थरथरतायत. उद्या त्याचा नियमित हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आहे. अ‍ॅपवर भाव बघता बघता चढतायत. आत्ता घेऊ की थांबू? दुसऱ्या कुणी विकायला काढलेलं तिकीट घेतलं तर गेटवर अडवतात का? ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनीच सांगा, प्लीज. वेळ अजिबात नाहीये.

मधमाशी
कुणाचा सामना? कुठे? क्रिकेट की फुटबॉल? धाग्यात काहीच लिहिलेलं नाही.

डावखुरी
२२ नंबर! क्लेटन कर्शॉ! आज दुसरी कुठली बातमी आहे?

टेकडीवरचा
मधमाशी, बेसबॉल. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. २००८ पासून एकाच संघात. तीनदा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार (२०११, २०१३, २०१४), आणि २०१४ला लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूही तोच. याच २ जुलैला ३००० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅट्समन बाद) पूर्ण केले, तिथवर पोचलेला तो इतिहासातला फक्त विसावा पिचर. या हंगामानंतर निवृत्त होतोय. उद्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध टाकणार आहे.
डावखुरी, तिकिटं किती हवीत? निघणार कुठून?

शेवग्याची शेंग
एवढी धावपळ कशाला? घरी टीव्हीवर स्वच्छ दिसतं. रांग नाही, पार्किंग नाही.

डावखुरी
टीव्हीवर वर्षानुवर्षं बघतेच आहे. मैदानात बघायचंय.

पुलाखालून
माझा सल्ला : अजिबात घाई करू नका. सामना सुरू व्हायच्या तासभर आधी भाव धाडकन उतरतात, विकणाऱ्यांना तिकीट अंगावर पडायची भीती असते. मी नेहमी असंच घेतो.

टेकडीवरचा
पुलाखालून, ते मे महिन्यातल्या मंगळवारच्या सामन्याला. उद्या विकणाऱ्यालाही माहीत आहे की हा दिवस परत येणार नाही. कदाचित तो स्वतःच जाईल आणि तिकीट काढून घेईल.

पुलाखालून
मी सांगतोय ते अनुभवाचं आहे. उगाच घाबरवू नका.

टेकडीवरचा
माझाही अनुभवच आहे. मी एलएतच राहतो.

चंद्रभागा
थांबू नकाच. वानखेडे आठवा. नोव्हेंबर २०१३, सचिनची २००वी कसोटी. सामान्य लोकांसाठी तिकिटं जेमतेम ठेवली होती आणि ऑनलाइन विक्री सुरू होताच साइट कोसळली. आम्ही चर्चगेटला राहून घरात बसून ऐकत होतो, स्टेडियमचा आवाज खिडकीतून येत होता. त्याच्या आईंनी त्याला मैदानात खेळताना पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं, हे वाचून अजून डोळ्यांत पाणी येतं.

मधमाशी
आणि धोनीच्या वेळी तर तेवढंही नाही. जुलै २०१९ची ती सेमीफायनल शेवटची ठरली, कळलं १५ ऑगस्ट २०२०ला, इन्स्टाग्रामवर. कर्शॉने एक दिवस आधी सांगितलं हे उपकारच.

सिएटलकर
हे सगळं सोडा, इकडे या. डॉजर्सचा नियमित हंगाम सिएटललाच संपतोय, २६ ते २८ सप्टेंबर. राहायला आमचं घर आहे. तिकिटं नक्की स्वस्त पडतील.

टेकडीवरचा
मन मोठं आहे तुमचं, पण तो बॅट्समन नाही रोज उतरायला. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा दिवसांनी एकदाच टाकतो. सिएटलला त्याची पाळी येईलच असं आज कुणी सांगू शकत नाही. प्लेऑफचं, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचंही तेच, संघात घेतील का, घेतलं तर कधी उतरवतील, सगळं अधांतरी. उद्याचं मात्र जाहीर झालंय. डावखुरी, माझे प्रश्न तसेच आहेत. किती? कुठून?

डावखुरी
दोन. फ्रीमाँटहून. बाबा आलेत सांगलीहून, रविवारी त्यांचं परतीचं विमान आहे, म्हणून सिएटल वगैरे शक्य नाही. बाबा तरुणपणी क्लबकडून डावखुरी फिरकी टाकायचे. मी कॉलेजात असताना त्यांना पहिल्यांदा कर्शॉची ती वळणारी कर्व्ह दाखवली, तेव्हापासून सांगलीत पहाटे उठून बघतात. मी शिकवलेला खेळ आता ते मला समजावतात.

काळी माती
बेसबॉलमध्ये कसली फिरकी? सगळे फुलटॉसच की. टप्पा नाही तर वळणार काय?

डावखुरी
टप्पा लागत नाही. कर्व्हला पुढच्या दिशेने फिरकी देतात, टॉपस्पिन. त्यामुळे हवेचा दाब चेंडूला खाली ढकलतो आणि तो बॅट्समनच्या डोळ्यांच्या उंचीवरून निघून गुडघ्याशी येतो. फ्लाइट दिलेला चेंडू अचानक डिप होतो ना, तेच, पण कितीतरी जास्त. बाबांनी दुसऱ्यांदा रिप्ले बघूनच ओळखलं होतं. आणि त्याचा तो थांबा! दोन्ही हात डोक्यावर, पाय वर, क्षणभर सगळं स्थिर, मग खाली झेप. काळी माती, एकदा बघा, मग बोला.

जायंटवेडा
मी सॅन फ्रान्सिस्कोवाला. इतकी वर्षं या माणसाने आम्हाला छळलंय. पण ऑक्टोबरचं, प्लेऑफचं बोला ना! २०१७ला ह्यूस्टनमध्ये चार धावांची आघाडी हातची गेली. २०१९ला वॉशिंग्टनचे रेंडन आणि सोटो, लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन होमरन (आपल्या षटकारासारखे). आमचा पिचर बमगार्नर २०१४ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जशी जिंकवून गेला ते याला कधी जमलं नाही.

टेकडीवरचा
२०२०ची वर्ल्ड सिरीज विसरलात. दोन सामने जिंकले त्याने.

जायंटवेडा
प्रेक्षकांविना खेळवलेलं ते वर्ष?

टेकडीवरचा
प्रेक्षक होते, मर्यादित होते. आणि बॅट्समन तेच होते.

मधमाशी
भांडण बाजूला घ्या, तिला तिकीट हवंय.

गुलमोहर७
वडिलांचा व्हिसा वाढवता येईल का ते पाहा. आय-९४ची (अमेरिकेत राहायच्या परवानगीची) मुदत संपण्याआधी अर्ज केला तर थांबता येतं. आमच्या सासऱ्यांचं तसंच केलं होतं.

डावखुरी
व्हिसाची अडचण नाही हो. पुढच्या आठवड्यात घरी पूजा आहे, त्यांना पोचायचंय.

टेकडीवरचा
आता सांगतो. होम प्लेटच्या, म्हणजे बॅट्समन उभा राहतो त्या जागेच्या बरोबर मागे, टॉप डेक. सगळ्यात वरचा मजला आहे, पण तिथून कर्व्ह वरून खाली पडताना समोर दिसते. बाजूच्या महाग जागेवरून वेग कळतो, वळण कळत नाही. डॉजर स्टेडियम टेकडीच्या उतारावर बांधलंय (१९६२चं आहे), त्यामुळे वरच्या मजल्यामागेच वरचं पार्किंग आहे, बाबांना फारसे जिने चढावे लागणार नाहीत. तिकीट मोठ्या अधिकृत अ‍ॅपवरूनच घ्या, ते तुमच्या फोनवर हस्तांतरित होतं, गेटवर कुणी अडवत नाही. कुणी फोटो पाठवतो म्हणाला तर पैसे देऊ नका. गाडी न्यायची नसेल तर युनियन स्टेशनवरून बस सुटते, सामन्याचं तिकीट असलं की फुकट.

शेवग्याची शेंग
पिशवी पारदर्शक हवी. खाणं आत नेता येतं. दशम्या आणि चटणी न्या, बाबांना तिथलं हॉटडॉग झेपायचं नाही.

ओहतानीपंखा
डॉजर्सचा ओहतानीही असेल! गेल्या वर्षी १९ सप्टेंबरलाच त्याने मायामीत एकाच हंगामात ५० होमरन, ५० स्टील (चोरलेले बेस) पूर्ण केले होते. जर्सी त्याच्या १७ नंबरची घ्या, २२ पुढच्या वर्षी कोण घालणार?

डावखुरी
बाबा घालणार. सांगलीत, फिरायला जाताना.

पुलाखालून
अजून सांगतो, तासभर आधी स्वस्त मिळेल.

डावखुरी
घेतली. टॉप डेक, प्लेटच्या मागे, शेजारशेजारच्या दोन जागा. भाव जबर होता पण घेतली. बाबांना सांगितलं तर ते उठून चष्मा पुसायला लागले. पहाटे निघतोय. टेकडीवरचा, तुमचे फार फार आभार.

जायंटवेडा
आय-५ महामार्गाने जात असाल तर ग्रेपवाइनचा घाट दुपारी दोनच्या आत उतरा, शुक्रवारी पुढे एलएत अडकाल. आणि तो मैदानात येईल तेव्हा आमच्या बाजूनेही टाळ्या वाजवा. मी खरंच म्हणतोय.

सिएटलकर
बाबा पुढच्या वेळी आले की इकडे आणा, मैदान दाखवतो.

नवा_गडी
मी ऑक्टोबरात पुण्याहून ऑफिसच्या कामाला एलएत येतोय. प्लेऑफचं तिकीट मिळेल का? एकच हवंय.

मधमाशी
वेगळा धागा काढा. आणि तारीख लिहा!