आठशे म्हणजे थोडे नव्हेत, पण हिशेब वेगळा आहे

'आठशेच्या आसपास आहेत ना अजून, मग एवढी ओरड कशाला?' असं कुणीतरी तापानुली ओरांगउटान या इंडोनेशियातल्या वानराबद्दल विचारलंय. आकड्यापेक्षा त्यांचं बाळंतपण बघा. मादी पंधराच्या आसपास पहिल्यांदा विते आणि पुढचं पिल्लू आठ-नऊ वर्षांनी. वर्षाला शंभरात एक जरी जास्तीचं मेलं तरी संख्या भरून निघत नाही.

उत्तर सुमात्रातल्या बातांग तोरूच्या जंगलाबाहेर हे जवळपास कुठेच नाहीत. 2013 साली माणसांनी जखमी केलेला एक नर मेला. त्याची कवटी नेहमीपेक्षा लहान निघाली आणि 2017 मध्ये ही वेगळी जात म्हणून जाहीर झाली. म्हणजे ओळख पटली तीही मेल्यावर!

आता तेवढंसं जंगलही तीन तुकड्यांत, त्यात धरण आणि सोन्याची खाण. तुकडा म्हणजे काय ते आम्हा खानापूरकरांना सांगायला नको. जांबोटीच्या वाटेवर पूर्वी फांद्या वरच्या वर भिडायच्या, शेकरू सरळ पलीकडे. झाडं तोडल्यावर एकदा बघितलं, टोकावर येऊन शेपटी हलवत बसलं, खाली बघितलं आणि मागे फिरलं. शेकराला निदान दुसरीकडे जंगल आहे. ओरांगउटान तर रोज संध्याकाळी झाडावर नवं अंथरूण विणतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याच्यासाठी तुटलेली फांदी म्हणजे तुटलेली वाट. म्हणून तुकडे पुन्हा झाडांनी जोडणं हे पिंजऱ्यात पैदास करण्याच्या आधीचं काम आहे, असं माझं मत.